आबांची वाकडी रांग

माझे आबा पलटणीत सगळ्यांत बुटके. ‘लंबा दाहिने, छोटा बाएं’ असा हुकूम झाला की रांगेच्या शेवटच्या टोकाला हेच. आमच्या भिंतीवरच्या पलटणीच्या फोटोत त्यांचा एक कान आणि अर्धी मिशी तेवढी आली आहे. पाहुणा आला की आबा बोट ठेवून सांगायचे, "ह्यो कान माझा." मग मला म्हणायचे, "बाई, एकदा तरी मला अख्खा घे की गं."

वडूजजवळच्या आमच्या गावात असे निवृत्त फौजी पंधरा. मोबाइल फिरवत मी त्यांचा लांबडा फोटो काढायला गेले तर त्यांच्यातल्या सुभेदारांना तीन पाय आले. मग मी हट्टालाच पेटले आणि आबांना घेऊन सांगलीतलं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान गाठलं. तिथं फिरत्या लेन्सचे दोन फिल्मचे कॅमेरे होते. बटण दाबलं की लेन्स एका बाजूकडून दुसरीकडं फिरते आणि अख्खं पटांगण फिल्मवर उतरतं. मी भाळले धातूच्या, देखण्या कॅमेऱ्यावर. पण त्याची लेन्स मधेच अडकायची. दुसरा काळा, प्लास्टिकचा, खर्रर्र करत शेवटपर्यंत गेला.

"जो टोकापतूर जातोय त्योच घे," आबा म्हणाले. टोकाला उभा राहिलेला माणूस, दुसरं काय बोलणार! दुकानदारांनी तो आठ दिवस वापरून बघायला दिला.

रविवारी शाळेच्या पटांगणात पंधराजण ताठ उभे राहिले. रांग अगदी आखल्यासारखी सरळ. रोल मी घरीच धुतला, आणि डोकंच फिरलं. मधले दोघे म्हशीएवढे, आणि टोकाला आबा करंगळीच्या नखाएवढे! आबांनी भिंगातून बघितलं आणि चहा तसाच ठेवून उठले. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा सांगलीला गेले. "आवं, लेन्स वाकडी हाय तुमची!"

दुकानदार पोट धरून हसले. "लेन्स गोल फिरतीय, ताई. सरळ रांगेत मधला जवळ पडतो, टोकाचा लांब. कॅमेरा बरोबर हाय. तुमी वाकडं उभं ऱ्हावा."

गावात हे सांगितलं तर सुभेदार भडकले. "पलटण वाकडी? कवाच न्हाई!"

तेव्हा आबा उठले. विहिरीचा दोर आणला, एक टोक कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधलं, दुसरं हातात ताणून धरत चुन्यानं अर्धं रिंगण आखलं. आणि जन्मात पहिल्यांदा या माणसांवर ओरडले, "पाय चुन्यावर! हलायचं न्हाई!" सुभेदारांसकट सगळे खडे! मला हसू आवरेना, ओठ चावून बटण दाबलं.

कॅमेरा अर्थातच ठेवून घेतला. नव्या फोटोत मागची शाळा केळ्यासारखी वाकली आहे, पण रांग सरळ आहे. टोकाला आबा, बुटकेच, पण अख्खे, आणि हातात दोर तसाच, सोडायचा विसरलेले. आता पाहुणा आला की ते बोट दाखवत नाहीत. गुपचूप खुर्चीत बसून राहतात. पाहुणाच फोटोपाशी जातो आणि म्हणतो, "आवं, हे तुमीच न्हवं?"

"व्हय," आबा म्हणतात.