दोन कड्यांचं दार

अंबरनाथ पश्चिमेला, एका चाळीत, आमची आणि धाकट्या काकांची खोली शेजारी शेजारी होती. मधल्या भिंतीत एक दार होतं. कम्युनिस्ट पक्ष फुटला, तेव्हा वडील रशियाच्या बाजूला गेले, काका चीनच्या, आणि दाराला दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या. परदेश म्हणून दोघांनी फक्त उल्हासनगर पाहिलं होतं.

आई आणि काकू परसातून बिनदिक्कत ये-जा करत. भाऊ मात्र एकमेकांशी बोलत नसत. चीनने अमेरिकेशी हात मिळवला, तेव्हा काका आठवडाभर कुणाला दिसले नाहीत, असं आई सांगायची. पुढे रशियानेही मिळवला, तेव्हा वडिलांनी दाढी करणं सोडलं. ते मी स्वतः पाहिलं.

अशात ताईचं लग्न ठरलं.

"काका नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही," ती म्हणाली. "सायकल त्यांनी शिकवली मला. तुम्ही भाषणं दिलीत, बाबा."

काकांचा निरोप काकूने परसातून आणला. "आमंत्रण दारातून आलं पाहिजे म्हणतात. परसातून यायला मी दूधवाला आहे का, म्हणाले."

"आधी त्याने कडी काढावी," वडील म्हणाले.

लग्न आठवड्यावर आलं. ताईने शालूची घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि एका संध्याकाळी रेडिओने सांगितलं की रशियाचे नेते चीनला पोहोचले, दोन्ही देशांचं जमलं. रेडिओ दोन्ही खोल्यांत लागला होता. बातमी संपली. दोन्ही रेडिओ एकदमच बंद झाले.

"यांना कुणी विचारलं का?" आई भांडी विसळत म्हणाली. "आता तरी काढा ती कडी."

वडिलांनी सदरा घातला, घरातल्या घरात. दारापाशी गेले. खाकरले. पलीकडूनही खाकरण्याचा आवाज आला. कडी सरकली. दुसरीही सरकली. मग काहीच झालं नाही.

अडचण सुताराने करून ठेवली होती. दार आमच्या बाजूला उघडत होतं. काकांनी ढकललं असतं तर ती आगळीक झाली असती, आणि दार उघडायचं तर वडिलांना मागे सरकावं लागलं असतं. मागे सरकणं त्यांच्या पक्षात बसत नव्हतं.

"दादा, सरक ना," काका पलीकडून म्हणाले.

"तू आधी ढकल."

"मी ढकललं तर तू मला आक्रमक म्हणशील."

"म्हणेनच."

ताई रडायच्या बेतात होती. तेवढ्यात पलीकडून काकूचा आवाज आला, "भाऊजी, कडेला व्हा, हातात परात आहे," आणि तिने दाराला कमरेने जो धक्का दिला, त्यात वडील तीन पावलं मागे येऊन पलंगावर बसले.

काका उंबऱ्यावर उभे राहिले. दोघे एकमेकांकडे पाहत होते. दोघांचेही केस पांढरे झाले होते, आणि ते दोघांनाही पसंत नव्हतं.

"ही माघार नव्हे," वडील म्हणाले. "दाराची रचनाच तशी आहे."

"हेच आम्ही इतकी वर्षं सांगतोय," काका म्हणाले, आणि पलंगावर त्यांच्या शेजारी बसले.

"रविवारी ये लग्नाला."

"बघतो," काका म्हणाले. ताईने तोवर शालूची घडी मोडली होती.