पिंजरा आला, ससा मोकळाच

ससा शेवटी मरत नाही. आधीच सांगून टाकतो, रुमाल खिशात ठेवा. मांजर येत नाही, कुत्रा येत नाही, तो पळूनही जात नाही. आत्ता माझ्या पायावर हनुवटी टेकून बसलाय. गेली ना मजा?

आमच्या डहाणूच्या घरात ससा पिंजऱ्याशिवाय राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळीकडे मोकळा. सांगताना माझी छाती जरा फुगते. फुगू दे.

आणला त्या दिवशीच आईनं तळासरीला मामाला फोन लावला. मामा कोंबड्या पाळतो, त्यामुळे जनावराच्या बाबतीत आमच्याकडे त्याचा शब्द शेवटचा. त्याचा आवाज नाकातून येतो. काढून दाखवतो, ऐका: "बाऽय, घरभर घाण करेल ते. वायर खाईल, शॉक लागून मरेल. भाताची लावणी आटपली की पिंजरा घेऊन येतो."

आईनं फोन ठेवला आणि मला बजावलं, "मामा आला आणि घरात एक लेंडी जरी दिसली, तर हा पिंजऱ्यात."

लागलो कामाला. वाडीतली ठिबकची जुनी नळी उभी चिरली आणि घरातल्या वायरींना स्वेटरसारखी चढवली. लादीवर ससेसाहेबांचे पाय घसरायचे, म्हणून गोणपाटं पसरली. राहिला संडासाचा प्रश्न. साहेब सारखे खिडकीखालच्या कोपऱ्यातच जायचे. मग मीच हरलो. तिथेच चिकूचं रिकामं कॅरेट ठेवलं, खाली ताडपत्री, आत भाताचा पेंढा. बाहेर लेंडी दिसली की उचलून पेंढ्यात टाकायची आणि त्याला दाखवायचं, "हे बघ, हे तुझं ऑफिस." हळूहळू साहेब ऑफिसला वेळेवर जायला लागले. तालुक्यात असा दुसरा कर्मचारी दाखवा.

हाक मारली तर मात्र माझ्याकडे यायचा नाही. कोथिंबिरीचे देठ आई द्यायची ना! मग मी आईचा आवाज काढला, "ये रे बाबा, ये ये." धावत आला. आई मोरीतून ओरडली, "मी कधी बोलावलं त्याला?"

लावणी आटपली आणि मामा आला. मोटरसायकलला मागे जाळीचा पिंजरा बांधलेला. पाणी प्यायच्या आधी त्यानं पलंगाखाली बघितलं, फ्रीजच्या मागे हात घातला. काही नाही. मग वायरी बघितल्या.

"ही नळी कोणाची आयडिया?"

"माझी."

"हं."

मामाचं "हं" म्हणजे दुसऱ्या कोणाच्या टाळ्या.

तेवढ्यात साहेब पलंगाखालून निघाले, अंग ताणलं, उडी मारली आणि सगळ्यांसमोर पेंढ्यात जाऊन बसले. शेपटी वर.

"बघ मामा, बघ!" मी नाचायचाच बाकी होतो.

मामा बघत होता. आईपण बघत होती. हे कॅरेट खिडकीखालचं नव्हतं, दाराजवळचं होतं. मामाला घरी न्यायला म्हणून आईनं माळ्यावर पेंढ्यात पिकवलेले चिकू सकाळीच खाली काढून पेंढ्यासकट त्यात ठेवले होते.

मामा नाकातून हसायला लागला. "बाऽय, हुशार आहे गं जनावर! पेंढ्यात जायला शिकवलंय, पेंढ्यात गेलं. याला कशाला पिंजरा?"

जिंकलो. हे बोलणार, एवढ्यात आई सुरू झाली. "त्याला शिकवलं तेवढं तो करतो! तुला बारावीपर्यंत शिकवलं, तुला एवढं कळू नये? पेंढा दिसला की तो जाणार, मग दाराजवळ लक्ष ठेवायला कोण येणार होतं? आता मामाच्या पोरांना काय पाठवू, तुझ्या नकला?"

"मी कधी ठेवलं ते कॅरेट?" मी आईच्याच आवाजात म्हटलं.

आवाज ऐकून ससा पेंढ्यासकट धावत आईच्या पायाशी, देठ मागायला.

आई त्याच्याकडे बघून हसली. माझ्याकडे बघून हसली नाही. "दादा," ती मामाला म्हणाली, "पिंजरा परत नेऊ नको. याला घालू त्यात. ससा फिरू दे घरात."