चाळिसाव्याआधीचं व्हार्निश

ट्राम चालवणं सोडून अकरा वर्षं झाली, तरी अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी मोहल्ल्यात वहीब इस्कंदर अजून ट्रामवालाच होता. निवृत्तीनंतर हा गृहस्थ बोटभर उंचीचे शिशाचे पुतळे रंगवत बसे. "आयुष्यभर माणसं ट्राममध्ये कोंबलीत, आता कपाटात कोंबा," असं त्याची बायको लिंडा म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्याचा जिवलग दोस्त, मासेमारी नौकेचा मालक झगलूल वारला, तेव्हा त्याच्या विधवेने, उम्म दलालने, वहीबला बोलावून घेतलं. "मोतीबिंदूमुळे मला फोटो दिसत नाही, भाऊ. त्याचा एक पुतळा कर. हाताला तरी लागेल. चाळिसाव्याला दे."

मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस, पठणाचा, गुरुवारी होता. सोमवारी दुपारी पुतळा तयार झाला: खांद्यावर जाळं, वाकडं नाक, रापलेले हात. राहिलं होतं फक्त व्हार्निश.

या गावात हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव आहे आणि तारीखही. त्यातलं 'मकनसा' नावाचं वादळ मंगळवारी यायचं होतं. वहीबने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, "आज सोमवार, आज मोकळीक," म्हणाला आणि गच्चीत जाऊन व्हार्निश फवारलं. टिकावं म्हणून जाडजूड दोन थर दिले. वादळ जणू कॅलेंडर वाचूनच येणार होतं! हवा सकाळपासूनच ओली होती, पण ते बघायला मान वर कोण करतो?

मंगळवारी सकाळी झगलूल तळलेल्या माशासारखा चकाकत होता. वहीबने बोट लावलं तर ते चिकटलं, आणि सुटताना गालावर ठसा उमटला. वहीबच्या स्वेटरची लोकरही पुतळ्याच्या दाढीला लागली होती.

"अहो, हे तिच्या हातात द्यायचं?" लिंडाने विचारलं. जिला फक्त हातानेच बघायचंय, तिच्या बोटांना नवरा चिकट लागणार, या विचाराने वहीबला रडू आलं.

बाहेर पाऊस कोसळत होता. घरात एकही कोरडी जागा नव्हती. शेवटी तो पुतळा डब्यात घालून खालच्या इस्त्रीवाल्या अब्दुत्तव्वाबकडे गेला.

"ठेव त्या फळीवर, इस्त्र्या तापतात तिथे," अब्दुत्तव्वाब म्हणाला. "उद्या संध्याकाळी ने. आणि उगीच दर तासाला येऊन डोकावू नकोस, दोस्ताला झोपू दे."

बुधवारी संध्याकाळी व्हार्निश कडक वाळलेलं होतं. वहीबने चिमट्याने लोकर काढली, ठसा बारीक कागदाने घासला, गालावर पुन्हा रंग लावला. मग मॅट व्हार्निशची बाटली पंधरा मिनिटं हलवली, कारण चमक मारणारी भुकटी तळाशी बसते, आणि ब्रशने अगदी पातळ हात दिला. रात्रभर पुतळा परत त्याच फळीवर राहिला. सकाळी चमक गेलेली होती.

गुरुवारी उम्म दलालने दारातच पुतळा हातात घेतला. नाकावरून बोट फिरवलं, मग हातांवरून. "कोरडे आहेत," ती म्हणाली. "मिठाने असेच कोरडे असायचे त्याचे हात." तिने पुतळा छातीशी धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

वहीब पुरुषांच्या बैठकीत येऊन बसला. कुराणपठण चाललं होतं. नजर फिरवली, तर अर्धा मोहल्ला चुरगळलेल्या कपड्यांत. मशिदीच्या इमामाच्या जुब्ब्यालाही सुरकुत्या.

"काय रे हे?" त्याने शेजारच्या कोळ्याला हळूच विचारलं.

"अब्दुत्तव्वाबला विचार. दोन दिवस कपड्यावर पाण्याचा थेंब मारला नाही त्याने. म्हणे, दुकानात वाफ नको, पाहुणा वाळतोय. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण ऐकेना."

अब्दुत्तव्वाब कोपऱ्यात कॉफी पीत होता. त्याची स्वतःची पायघोळ गलाबियाही चुरगळलेलीच होती. वहीब उठला, त्याच्यापाशी जाऊन बसला आणि त्याचा भाजलेल्या खुणांनी भरलेला हात दोन्ही हातांत घेतला. आभार मानायला त्याने तोंड उघडलं.

"गप बस," अब्दुत्तव्वाब म्हणाला. "झगलूल माझाही दोस्त होता."