वहिनीच्या कपाटातल्या मेमरी-पट्ट्या

फाइल उघडली की कर्नल, म्हणजे संगणकाचा आतला कारभारी, ती बारीक तुकड्यांनी मेमरीत ठेवतो आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी दखल घेतो. दादाला ते तुकडे गठ्ठ्याने ठेवायचे होते. कारभाऱ्याचे हेलपाटे वाचले असते. मी साहित्य शिकलेला. मला एवढंच कळलं.

कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवलेला त्याचा बदल दहाव्यांदा परत आला. तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं, "कमी मेमरीच्या संगणकावर सगळं अडकतं." दादाच्या संगणकावर काहीच अडकत नव्हतं. त्याने तो उघडला, चारांतल्या तीन मेमरी-पट्ट्या काढल्या आणि वहिनीकडे दिल्या.

"बदल मंजूर होईपर्यंत मी मागितल्या तरी देऊ नकोस."

"माझ्या बांगड्या कधी एवढ्या जपल्या नाहीत," म्हणत वहिनीने त्या कपाटात ठेवल्या.

तीन महिने दादा त्या रखडणाऱ्या संगणकाशी झगडला. शेवटी चूक सापडली. एकच तुकडा वापरात असला, तरी अख्खा गठ्ठा जागा अडवून बसायचा. मेमरी कमी पडली की गठ्ठा फोडून बाकीचे तुकडे सोडायचे, अशी सोय त्याने केली.

काल मंजुरी आली. वहिनीने पट्ट्या पुढे केल्या.

"राहू देत," दादा म्हणाला. "ही एकच फाइल सिस्टिम झाली. फाइली साठवायच्या अशा अजून सहा पद्धतींत हाच बदल करायचा आहे."

वहिनीने पट्ट्या आत ठेवून कपाट पुन्हा लावलं.