गोदामाला आग लागली त्या उन्हाळ्यात

जळगावच्या कॉलेजात मी पत्रकारितेची पदविका करत होते. त्यात जनसंपर्क नावाचा एक विषय होता आणि त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या संस्थेत जाऊन काम शिकायचं होतं. वर्ष नव्वदच्या आसपासचं. आमच्या घरी जनसंपर्क म्हणजे काय ते कुणालाच नीट कळलं नव्हतं. आईने शेजारी सांगून टाकलं, की मुलगी गिरणीत कारकुनी शिकायला चालली आहे. मीही ते खोडून काढलं नाही.

सरांच्या ओळखीने धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत जागा मिळाली. धुळ्यात मावशी राहायची, म्हणून घरून परवानगी मिळाली. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचली तेव्हा ऊन इतकं होतं, की खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता.

गिरणीचा जनसंपर्क विभाग म्हणजे फाटकाजवळची एक खोली. तिथले अधिकारी पन्नाशीचे होते. साहेबापासून कामगारापर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही नानाच म्हणायला लागले. पूर्वी ते अमळनेरहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचे. गिरणी सुरू झाली तेव्हा संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी मी वही उघडून बसले. नाना म्हणाले, "लिहिण्याचं नंतर बघू. आधी गिरणी फिरून या."

मी फिरले. कापसाच्या गाठी फोडून पिंजतात त्या खात्यात शिरले तर तंतू नाकात जाऊन खोकल्याची उबळ आली. तिथे सोनगीरकडचा एक कामगार होता. त्याने तोंडाचा रुमाल खाली करून सांगितलं, "ताई, पदर लावा नाकाला. आम्हाले सवय शे." मी पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी लावली. तो हसला. पुढे रोज फाटकातून आत येताना तो मला विचारायचा, खोकला गेला का.

नंतरचे दिवस साधे गेले. वर्तमानपत्रांतली कात्रणं चिकटवायची, पाहुणे आले की त्यांना गिरणी दाखवायची, हार आणि नारळ आलेत की नाही ते बघायचं. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी एक लेख लिहिला. त्यात 'प्रगतीची उत्तुंग शिखरे' असं होतं. नानांनी ते खोडलं आणि विचारलं, "धुळ्यात शिखर कुठे पाहिलंत?"

मग एका दुपारी गाठींच्या गोदामाला आग लागली. आम्ही खोलीत जेवत होतो. कुणीतरी ओरडत गेलं आणि पाठोपाठ भोंगा वाजला. बाहेर आलो तर धूर काळा नव्हता, पिवळट पांढरा होता, आणि तो गोदामाच्या पत्र्याखालून दाटून येत होता. नगरपालिकेचा बंब येईपर्यंत कामगारांनीच आतल्या गाठी ओढून काढल्या. त्यात दोघं भाजले. एक तो सोनगीरकडचा.

त्यांना जीपमधून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. नाना मला म्हणाले, "त्यांच्या घरचे येतील, तिथे गिरणीचं कुणी नसेल. तुम्ही जा."

"मी काय सांगू त्यांना?"

"माहीत असेल तेवढंच सांगा. नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि बसा त्यांच्याजवळ."

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्या कामगाराची बायको आली तेव्हा तिच्या हाताला पीठ तसंच होतं. गिरणीचा एक सुपरवायझर तिला सांगत होता, काही नाही, थोडा चटका बसला आहे, दोन दिवसांत घरी येईल. तो निघून गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"बठ्ठा सांगतस तो बरा शे. मंग माले आत काबर जाऊ दी नही राहिनात?"

सगळे बरा आहे म्हणतात, मग आत का सोडत नाहीत, हे मलाही कळत नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारून येते. नर्सला गाठलं. तिने सांगितलं, दोन्ही हात आणि मान भाजली आहे, ड्रेसिंग चालू आहे, जिवाला धोका नाही, पण बरेच दिवस लागतील. मी बाहेर येऊन ते जसंच्या तसं त्या बाईला सांगितलं. मला वाटलं ती हंबरडा फोडेल. तिने एकदा डोळे मिटले, मग भिंतीशी बसली आणि म्हणाली, "आते समजनं." नंतर तिने माझ्याकडे पाणी मागितलं.

संध्याकाळी मी गिरणीत परतले. आग आटोक्यात आली होती. नानांच्या खोलीत जनरल मॅनेजर उभे होते आणि टेबलावर त्यांनी सांगून लिहवलेलं पत्रक होतं. किरकोळ आग, कोणालाही इजा नाही, उत्पादन सुरळीत.

नानांनी मला विचारलं, "काय बघितलंत?"

मी सांगितलं. नर्सने सांगितलं होतं तेच, साहेबांसमोर.

साहेब म्हणाले, "नाना, बँकेची माणसं पुढच्या आठवड्यात येणार आहेत. कशाला वाढवायचं? दोघांचा खर्च गिरणी करणारच आहे ना?"

"खर्च करणार आहोत तर तेही लिहू. पण इजा नाही असं कसं लिहायचं? त्यांच्या गावची बस आपल्या फाटकासमोर थांबते, साहेब. उद्या सकाळी लोक उतरतील आणि पेपर हातात धरून विचारतील."

"तुम्ही गिरणीचे नोकर आहात की पेपरवाल्यांचे?"

"गिरणीचाच. म्हणून तर सांगतोय."

साहेबांनी चेअरमनना मुंबईला फोन लावायचा प्रयत्न केला. लागला नाही. शेवटी ते म्हणाले, "करा काय करायचं ते. पण त्यात माझं नाव नको." आणि गेले.

नानांनी नवं पत्रक लिहिलं. आग कुठे लागली, दोन कामगार जखमी, त्यांची नावं आणि गावं, ते कुठे आहेत, उपचार कोण करतंय, कारण अजून कळलेलं नाही. एवढंच. खाली स्वतःची सही केली. मी रिक्षाने एकेका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते पोचवलं. एका ठिकाणी उपसंपादकाने ते वाचून कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे आगीत बरीच माणसं दगावल्याचा निरोप आला होता आणि तशी बातमी जुळवायला घेतली होती.

तो निरोप गावोगावही गेला होता. सकाळी फाटकासमोर गर्दी जमली, बाया रडत होत्या. नाना स्टुलावर उभे राहिले आणि पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी जीपमध्ये बसा, दवाखान्यात नेतो." दोन खेपा झाल्या. दुपारी गर्दी पांगली. तो सोनगीरकडचा पुढे बरा झाला, पण उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटेनात. त्याला फाटकावर काम दिलं.

चेअरमन आले तेव्हा त्यांनी वार्ताहरांना चहा दिला आणि आमची गिरणी काही लपवत नाही असं सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नानांची बदली स्टोअरमध्ये झाली. त्यांच्या जागी आलेला तरुण अधिकारी वाईट नव्हता. त्याने माझ्या लेखात शिखरं परत घातली.

निघायच्या दिवशी मी स्टोअरमध्ये गेले. नाना नटबोल्टांच्या खोक्यांमध्ये बसले होते, शर्ट घामाने चिकटला होता.

"नाना, वाईट वाटतं का हो?"

"वाटतं ना. खोटं कशाला सांगू? त्या खोलीत पंखा होता." मग म्हणाले, "आणि पाहुणे आले की पेढे मिळायचे."

मी हसले, पण मला रडूही येत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि बस चुकेल म्हणून मला हाकललं.

जळगावला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तिथे मुख्य काय केलंत? मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातलं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे कामगार कल्याणात येतं. जनसंपर्काचं काही सांगा." तेव्हा मी स्मरणिकेचं सांगितलं, कात्रणांची फाइल दाखवली, आणि त्यांचं समाधान झालं.

वाद घालायला हवा होता असं तेव्हा वाटलं नाही. पुढे मी याच कामात बरीच वर्षं काढली. अडचणीची बातमी समोर आली की वरची माणसं थोड्याफार फरकाने त्या साहेबांसारखंच बोलायची. मी प्रत्येक वेळी नानांसारखं वागू शकले असं नाही. पण ज्याला सांगायचं त्याच्याजवळ आधी जाऊन बसायचं, हे मात्र मी सोडलं नाही.