दादाचा एसटीडी बूथ

आमच्या दादाला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ऐकू न आल्यामुळे बोलताही येत नाही. अशा माणसाला सरकारने टेलिफोनचा बूथ मंजूर केला. अपंगांना स्वतःच्या पायावर उभं करायची ती योजना होती. दादाचे पाय तसे ठणठणीत होते, पण कागदावर तो अपंगच होता. मंजुरीची बातमी ऐकून आण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "ह्याला फोन देऊन हा करनार काय? फुलं वाहनार?"

दादा मात्र खूश होता. नगरच्या मूकबधिर शाळेतून शिकून तो जामखेडला परत आला होता आणि शेतात त्याचं मन रमत नव्हतं. एसटी स्टँडच्या रस्त्याला आमचा एक गाळा होता, त्यात पेंडीची पोती पडलेली असायची. ती हलवली, काचेची केबिन बसवली, वर पिवळा बोर्ड लागला आणि दादा मीटरसमोर खुर्ची टाकून बसला.

चालेल की नाही, ही शंका थोड्याच दिवसांत मिटली. बूथवाल्याला ऐकायचं असं काही नसतंच. गिऱ्हाईक नंबर लावतं, मीटरवर लाल आकडे पळतात, पावती निघते, ती पुढे करायची. उलट गर्दी वाढतच गेली, आणि तिचं कारण मला जरा उशिरा कळलं. चौकातल्या दुसऱ्या बूथचा मालक काचेला कान लावून बसतो, अशी त्याची ख्याती होती. आमच्याकडे ती भीती नव्हती. पुण्यातल्या सुनेबद्दल लेकीशी बोलायचं असलेल्या सासवा, बदलीसाठी कुणाला तरी गळ घालणारे गुरुजी, घरच्यांना न सांगता जमिनीचा सौदा करणारे, सगळे आमच्याकडे यायला लागले. एक गृहस्थ तर आत उकडतं म्हणून केबिनचं दार सताड उघडं ठेवून भावकीतल्या भानगडी बोलायचे. मी तिथेच मागे डी.एड.चा अभ्यास करत बसलेली असायचे. मला ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याची बहीण म्हणजे तीही तशीच, असं लोकांनी धरूनच टाकलं होतं.

अडचण होती ती बाहेरून येणाऱ्या फोनची. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, त्यामुळे आसपासच्या लोकांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर देऊन ठेवला होता. घंटी वाजून वाजून थांबायची आणि दादा तिच्या शेजारी शांतपणे पेपर वाचत असायचा. शेवटी पलीकडच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने घंटीच्या तारेला एक लाल बल्ब जोडून दिला. घंटी वाजली की बल्ब पेटायचा. मग दादा रिसीव्हर उचलायचा आणि समोर जो कोणी उभा असेल त्याच्या हातात द्यायचा. तो माणूस निरोप ऐकायचा आणि रस्त्याच्या पलीकडे ओरडून सांगायचा. त्यामुळे आमच्या बूथवरून जाणारं बोलणं अत्यंत गुप्त राहायचं आणि येणारं सगळ्या पेठेला कळायचं.

दोनेक वर्षांनी दादासाठी सोनईचं स्थळ आलं. मुलगी त्याच्याच शाळेतली, काही वर्ग मागे होती. तिच्या वडिलांचं खताचं दुकान होतं. आम्ही मुलगी बघायला गेलो. मोठी माणसं कांदा, कारखान्याची ऊसतोड आणि रस्ते यांवर बोलत राहिली. मग मुलीचे मामा सवयीने म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असंल तर विचारा." आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी पोह्यांची बशी जवळ ओढली.

पण दादाने खरंच विचारलं. त्याचे हात सुरू झाले, मग तिचे, आणि बघता बघता दोघांचे हात इतक्या वेगाने चालायला लागले की खोलीतलं बाकी बोलणं बंद पडलं.

"काय म्हनत्यात?" मुलीच्या वडिलांनी मला हळूच विचारलं.

"शाळेच्या वसतिगृहातल्या आमटीबद्दल बोलताहेत."

"आमटी?"

"लई पातळ असायची म्हणे."

"मंग जमलं म्हनायचं," ते म्हणाले.

लग्न दिवाळीनंतर ठरलं, आणि ते फोनवरून ठरायला लागलं. तिचे वडील दुकानातून फोन करत. बूथवर बल्ब पेटे, दादा रिसीव्हर माझ्या हातात देई आणि आमचं बोलणं सुरू होई. मांडव कुठे, आचारी कोणता, मानपान कसा. दादा समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत असे. माझ्या बोलण्याला खंड पडला की तो खुणेने विचारी, ती काय म्हणते?

मी विचारायची, "काका, ताई काय म्हणतात?"

"ती काय म्हननार? मजेत हाय."

मी फोन ठेवून दादाला खूण करायची, मजेत आहे. तो माझ्याकडे बघत राहायचा. एवढा वेळ दोन माणसं बोलली, लग्न त्याचं, आणि त्याच्या वाट्याला एक खूण. एकदा त्याने मला स्वच्छ विचारलं, तुम्हा ऐकणाऱ्यांना बोलायला एवढा वेळ लागतो, मग त्यातून निघतं एवढंसंच कसं?

साखरपुड्याला दादाने त्या रेडिओवाल्याला बरोबर घेतलं. आम्हाला वाटलं, मित्र आहे. पंगत बसली तेव्हा ते दोघं आणि मुलगी दुकानात होते. आम्ही हात धुऊन येईपर्यंत तिथल्या फोनवर तसाच एक लाल बल्ब लागला होता. तिचे वडील खूश झाले. "आता मी गोडाऊनला गेलो तरी पोरीला फोन आलेला कळंल," ते म्हणाले. "जावई डोकेबाज हाय."

त्यानंतर एका दुपारी मी बूथवर बसले होते. बल्ब पेटला, विझला. पुन्हा पेटला, विझला. मी रिसीव्हरकडे हात नेला तर दादाने माझं मनगट धरलं. त्याने मान हलवली, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. माझा आहे.

त्या बूथवर साऱ्या जामखेडचे फोन येऊन गेले होते. त्याचा म्हणून आलेला हा पहिला. थोड्या वेळाने त्याने सोनईचा नंबर फिरवला, पलीकडे जरा वाजू दिलं आणि ठेवून दिला. मग परत तसंच. एकदा, दोनदा, मध्ये थांबून, भराभर, यातल्या प्रत्येकाचा काहीतरी अर्थ त्यांनी साखरपुड्याच्या दिवशी ठरवून घेतला होता. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितला नाही. फोनसाठी ताटकळणारी गिऱ्हाइकं कुरकुर करायची, पण तक्रार कशाची करायची ते त्यांना समजत नव्हतं.

तक्रार सोनईहून आली. "बाई, आमच्या दुकानात कोन तरी फोन करतं आन् उचलायच्या आत ठेवतं," तिचे वडील मला फोनवर सांगत होते. "दिवसभर चालूय. कुनाचा तरी लग्न मोडायचा डाव दिसतोय."

मी दादाकडे बघितलं. तो टेबल पुसत होता. "लाइनमध्ये बिघाड असेल," मी म्हणाले.

त्यांनी लाइनमन बोलावला. त्याने खांबावर चढून सगळं तपासलं आणि केबलमध्ये ओल शिरली आहे असा निर्वाळा दिला. पण घंटी थांबेना. मग त्यांनी चोर पकडायचं मनावर घेतलं. गोडाऊनला जायचं सोडून ते फोनजवळ ठाण मांडून बसले, रिसीव्हरवर हात ठेवून.

हे अर्थातच मला नंतर कळलं. त्या दिवशी मी कॉलेजातून बूथवर आले तर दादा केबिनमध्ये रिसीव्हर कानाला लावून उभा. मी दारातच थांबले. आकडे पळत होते, म्हणजे पलीकडे कुणीतरी फोन उचलला होता. दादाने मला बघितलं आणि एका हाताने सांगितलं, तिने उचललाय, ठेवतच नाही. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. डोळे मिटून त्याने रिसीव्हर गालाशी दाबून धरला होता.

मी जवळ गेले. रिसीव्हरमधून आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"तुझ्या आयला, तोंड दाखीव एकदा. बोलत का न्हाईस? मुका हायेस का?"

मी रिसीव्हर काढून घेतला. "काका," मी म्हणाले, "मी जामखेडहून बोलतेय."

शिव्या एकदम थांबल्या.

"फोन दादाने लावला होता. रोज तोच लावतो. आणि तुमच्याकडून इकडे ताई लावतात. बल्ब पेटतो त्यावरून त्यांना कळतं."

मला वाटलं, मोडलं आता लग्न. मग त्यांचा आवाज आला, एकदम खाली आलेला. "म्हंजे हे दोघं बोलत्यात?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"काय बोलत्यात?"

"ते मला नाही माहीत, काका."

"मी शिव्या दिल्या त्या जावयाला समजल्या का?"

"नाही. ताईंनी फोन उचललाय असं वाटलं त्याला. हसत होता."

"मंग राहू द्या. सांगू नका," ते म्हणाले. "मी ठेवतो. त्यांचं चालू द्या."

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. लग्नात ते लाइनमनला आवर्जून जेवायला घेऊन आले होते आणि ओलीचा विषय कुणी काढला नाही.

पुढे खिशाखिशात मोबाईल आले आणि आमचा बूथ बंद पडला. बाकीच्या बूथवाल्यांना दुःख झालं, दादाला झालं नाही. इतकी वर्षं तो फोनचा धंदा करत होता, पण फोनवर त्याला स्वतःला मनसोक्त बोलता यायला लागलं ते धंदा बंद पडल्यावर. आता गाळ्यात झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. वहिनी काउंटर सांभाळतात आणि गिऱ्हाईक नसलं की दोघंही आपापल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून शाळेतल्या मित्रमैत्रिणींशी हात हलवत बसतात. आई म्हणते, "ह्यांचं बोलनं कधी संपतच न्हाई."

परवा दादाच्या सिमची काही पडताळणी होती. त्यासाठी कंपनीचा माणूस त्यालाच फोन करणार होता. ग्राहकाला ऐकू येत नाही, असं वहिनींनी मेसेज करून कळवलं, तर उत्तर आलं की त्यासाठी कृपया ग्राहकाने स्वतः आमच्याशी फोनवर बोलावं. मग मला बोलावणं आलं. फोन आला, पलीकडच्या मुलाने दादाचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "आपणच बोलताय का?"

मी माझ्या बाईच्या आवाजात, एक शिक्षिका असून, सरळ "हो" म्हणाले.

"धन्यवाद, सर," तो म्हणाला आणि पडताळणी पूर्ण झाली.

दादाने खुणेने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, मजेत आहे.