बेसबॉलच्या तलावात सोडलेली बोटुकली

सांगायला लाज वाटते, पण तुम्ही घरचेच म्हणून सांगतो. इथे सानगडी गावात खुर्चीवर बसून मी अमेरिकेतले आठ नामांकित खेळाडू तीन दिवसांत विकून टाकले! हसू नका. निदान चहा तरी खाली ठेवा, शर्टावर सांडेल.

झालं असं. आमचा मंगेश चार वर्षांपासून तिकडे नोकरीला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा.

"चहा झाला का बाबा?"

"झाला."

"पाऊस?"

"हाय."

मग दोघंही गप्प. शेवटी मीच म्हणायचो, "घे, आईसोबत बोल." आणि फोन शकूच्या हातात द्यायचो. एवढं लांब गेलेलं पोरगं, जीव तुटायचा त्याच्यासाठी, पण बोलायचं काय? माझ्या बापानं तरी माझ्याशी कुठे काही बोलून दाखवलं होतं!

गेल्या होळीच्या सुमारास मंगेश म्हणाला, "बाबा, आमच्या ऑफिसचे मित्र फँटसी बेसबॉल खेळतात. अकरा झाले, बारावा पाहिजे. तुमचं नाव टाकू?"

आता हा फँटसी बेसबॉल म्हणजे काय? तर खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे, मोबाइलवर प्रत्येकानं आपली टीम बांधायची. खेळाडूंनी तिकडे मैदानात जे दिवे लावले, त्याचे गुण आपल्या नावावर. दर आठवड्याला एकाशी सामना. आणि घेतलेले खेळाडू पुढच्या वर्षीही आपलेच. मला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, टाक.

आणि काय सांगू! माझी टीम पहिल्याच आठवड्यात अशी आपटली की मंगेशनं रविवारी पाऊण तास मला समजावून सांगितलं. दुसऱ्या रविवारी तासभर. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, कोणाचा खांदा दुखतो. मधेच स्वतःचंही सांगायचा, आज भाजी करपली म्हणून, साहेब कसा खडूस आहे म्हणून. शकू बाजूला बसून ऐकायची. मी रविवारी सकाळी दाढी करून बसू लागलो, फोनवर दिसत नाही हे माहीत असूनसुद्धा!

पण टीम हरतच राहिली. ओळीनं आठ आठवडे. बारांतली बारावी. मग माझ्या मनात किडा वळवळला. हरणाऱ्या बापाला पोरगं किती दिवस समजावणार? एक दिवस कंटाळेल. आणि ते कंटाळलं, की पुन्हा "चहा झाला का" आणि "पाऊस?"

मी मच्छीमार सोसायटीचा सचिव होतो, तीस वर्षं. तलावात मासा धरत नसेल तर काय करायचं, हे मला कोणी शिकवायचं? पाणी उतरायच्या आत मोठे मासे काढायचे, विकायचे, आणि बोटुकली सोडायची. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. दोन वर्षांत तलाव पुन्हा भरतो. टीमचंही तेच करायचं ठरवलं.

शकू म्हणाली, "अजी, आधी मंगेशले तर इचारा."

"इचारलं तर मजा काय? पोट्टा खुश झाला पाहिजे!"

मोबाइलवरच्या भाषांतरानं मी मंगेश सोडून बाकीच्या दहाही अनोळखी अमेरिकनांना निरोप धाडले. मोठे खेळाडू घ्या, पोरं द्या. बाजारात ताजी रोहू आल्यासारखे तुटून पडले लेकाचे! तीन दिवसांत माझ्या टीममध्ये सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. काहींना तर मिसरूडही फुटलं नव्हतं.

रविवारी फोन आला. "बाबा, भारी केलं तुमी! सगळे म्हणून राहिले, तुझा बाप हुशार हाय. तीन वर्सांनी तुमची टीम पहिली येईन."

माझी छाती फुगली. "मग या आठवड्यात कोणाले खेळवू?"

"कोणालेच नाई. ते पोट्टे अजून मोठ्या मैदानात उतरलेच नाईत. आता काही करू नका, आराम करा. बरं बाबा, ठेवतो."

सहा मिनिटं! आठ आठवडे हरलो तर तास-तासभर, आणि हुशार ठरलो तर सहा मिनिटं!

पुढच्या रविवारी फोन नाही. मी दाढी करून बसलेलो. त्याच्या पुढच्या रविवारी अंगठ्याचं चित्र आलं फक्त. त्या दिवशी मला त्याची इतकी आठवण आली की जेवण गेलं नाही. शकूनं ताट उचललं आणि एवढंच म्हणाली, "सोडा अजून बोटुकली."

मी हादरलो. विकलेले खेळाडू परत मागितले. त्या दहा जणांना वाटलं, हा हुशार म्हातारा काहीतरी नवी चाल खेळतोय. एकही देईना! शेवटी मी माझं सगळ्यात गुणी पोरगं देऊन गुडघे गेलेला एक छत्तीस वर्षांचा गडी परत घेतला.

तिसऱ्या रविवारी फोन खणखणला. मी स्पीकरवर टाकला.

"बाबा, काय करून राहिले तुमी? तो म्हातारा काहून घेतला?"

"समजाव मले. मी मोकळाच हाय."

मंगेश म्हणाला, "बाबा, ज्यानं यंदा जिंकायचा नाद सोडला, तोच मानूस टीम मोडून नवी बांधते. सगळ्यायले माहीत हाय हे. तुमी सगळं इकलं, तवा मले वाटलं, बाबा कंटाळले. माझ्यासाठी उगाच बसून राहतेत. म्हून मी फोन नाई केलो."

"अरे, मी कंटाळलो? तू कंटाळशील म्हणून तर…"

"अन् तुमाले काय वाटलं, बारावा मानूस भेटत नव्हता? ऑफिसात चार जन मागून राहिले होते. तुमच्यासाठी जागा मीच अडवून ठेवलो होतो."

शकू पुढे सरकली. "मंगेश, तुझा बाप दोन रविवार फोनकडे पाहून राहिला."

"मग त्यायनंच काहून नाई लावला फोन?"

शकूनं माझ्याकडे पाहिलं. "सांगा ना जी, काहून नाई लावला?"

आता काय सांगू? ज्यांचं तोंडही पाहिलं नाही त्या दहा अमेरिकनांना मी मिळून साठ-सत्तर निरोप धाडले होते. पोटच्या पोराचा नंबर आपल्याकडूनही लागतो, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नव्हतं!